हृद्‌रोहिण्यांच्या आडवाटा आणि त्सिंतूर

आपल्या समाजात असे घर आता विरळाच, की ज्यातील एका तरी वडीलधाऱ्या माणसाचे ‘त्सिंतूर’ झालेले नाही. मनगटातून किंवा जांघेतून एक बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, हृदयापर्यंत न्यावयाची, तेथील रक्तवाहिन्यांचे चित्र घ्यावयाचे आणि अडथळा आढळल्यास तेथल्या तेथे तो फुग्याने दूर करून स्टेंट बसवावयाचा, हा उपचार इतका नित्याचा झाला आहे की, कुपत होलीमच्या बाकावर बसलेल्या बायका गुडघेदुखीइतक्याच सहजतेने त्याविषयी बोलतात. परंतु या सहजतेच्या मुळाशी एक गृहीत आहे. ते हे की, रक्तवाहिनी जेथून निघावयास हवी तेथूनच ती निघालेली आहे. शंभरांतील सुमारे एका मनुष्याच्या बाबतीत हे गृहीत खरे नसते. अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिक येथे अँजिओग्राफी झालेल्या १,२६,५९५ रुग्णांची पाहणी १९९० साली प्रसिद्ध झाली. तीत १,६८६ जणांच्या हृद्‌रोहिण्यांची रचना जन्मतःच निराळी असल्याचे आढळले. अशा हृदयात कॅथेटरने काय साधता येते आणि कोठे हात आखडता घ्यावा लागतो, हा या लेखाचा विषय आहे. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, शिक्षक आहे. तेव्हा येथे औषधाची चिठ्ठी कोणी शोधू नये.

प्रथम सर्वसाधारण रचना पाहू. हृदय सर्व शरीराला रक्त पोचविते, परंतु स्वतःच्या स्नायूसाठी लागणारे रक्त त्याला निराळ्या वाहिन्यांतून घ्यावे लागते. याच हृद्‌रोहिण्या होत. अलिबाग-रेवदंड्याकडील नारळी-पोफळीच्या वाड्या ज्यांना आठवत असतील त्यांना ही व्यवस्था समजणे कठीण जाणार नाही. रहाटाने विहिरीतून वर आलेले पाणी प्रथम डोणीत पडते. डोणीपासून पाट निघतात आणि पाटाला फाटे फुटत फुटत पाणी प्रत्येक माडाच्या आळ्यात पोचते. हृदयातून निघणारी महारोहिणी ही ती डोण. तिच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते आणि प्रत्येक पाकळीच्या वर भिंतीत कोनाड्यासारखा एक फुगवटा असतो. व्हॅल्साल्व्हा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने हे कोनाडे ओळखले जातात. डाव्या कोनाड्यातून डावी हृद्‌रोहिणी निघते व लवकरच तिचे दोन फाटे होतात. एक फाटा हृदयाच्या पुढच्या अंगाने खाली उतरतो, दुसरा वळसा घेऊन मागे जातो. उजव्या कोनाड्यातून उजवी हृद्‌रोहिणी निघते. तिसरा कोनाडा रिकामा असतो.

आता जन्मतः ही व्यवस्था बदलली तर काय होईल? पाट भलत्याच बाजूने सुरू होईल, अथवा दोन पाटांऐवजी एकच असेल, अथवा पाट मध्येच फुटून पाणी आळ्यात न जाता शेजारच्या ओहोळात जाईल. निसर्गाने हे सर्व प्रकार करून पाहिले आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य प्रकारांत मनुष्य काहीही त्रास न होता म्हातारा होतो. कित्येकांना आपले हृदय निराळे आहे हे त्सिंतूरच्या टेबलावर पडल्यावर प्रथम कळते.

नेहमी आढळणारा एक प्रकार असा की, मागे जाणारा फाटा डाव्या बाजूने न निघता उजव्या कोनाड्यातून निघतो आणि महारोहिणीच्या पाठीमागून लांबचा वळसा घेऊन आपल्या जागी पोचतो. वाट लांबची असली तरी तिच्यावर कोणाचा दाब पडत नाही, म्हणून ती निरुपद्रवी समजतात. परंतु वाट निराळी असली म्हणजे तीत चरबीचा थर साचत नाही असे थोडेच आहे? आपल्या भारतीय रक्ताच्या लोकांत हृद्‌रोहिण्या अरुंद होण्याचा विकार पुष्कळदा लवकरच्या वयात गाठतो. अशा आडवाटेच्या रोहिणीत रात्री दोन वाजता गुठळी झाली आणि रुग्ण छातीत कळ येऊन मियूनमध्ये आला, म्हणजे डॉक्टरांची खरी परीक्षा असते. रुग्णालयात पोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत रोहिणी मोकळी व्हावी असा दंडक आहे. आणि येथे तर रोहिणीचे तोंडच सापडत नाही!

ते का सापडत नाही, हे समजण्यासाठी कॅथेटरचा थोडा इतिहास पाहावा लागेल. बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड गावी १९२९ साली वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून एक नळी हृदयापर्यंत सरकविली आणि तशाच स्थितीत चालत जाऊन क्ष-किरणांचे छायाचित्र काढून घेतले. त्याला १९५६ साली दोघा सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. (हाच मनुष्य १९३२ साली नात्झी पक्षाचा सभासद झाला होता, ही गोष्ट आपण विसरू शकत नाही, पण त्याच्या नळीने वाचविलेल्यांत आपलीही माणसे आहेत.) पुढे १९५८ साली क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स हे महारोहिणीचे चित्र घेत असता त्यांच्या कॅथेटरचे टोक नकळत उजव्या हृद्‌रोहिणीत शिरले आणि सारे रंगद्रव्य तीत गेले. रुग्णाचे हृदय क्षणभर थांबले. सोन्स यांनी त्याला खोकावयास सांगितले, आणि ठोके पुन्हा सुरू झाले. अशा द्रव्याने माणूस दगावेल अशी तोपर्यंत समजूत होती. ती त्या दिवशी खोटी ठरली आणि हृद्‌रोहिण्यांची सरळ आत शिरून तपासणी करण्याची विद्या जन्मास आली.

१९६७ साली अमेरिकेत मेल्विन जडकिन्स आणि कुर्ट ॲम्प्लात्झ या दोघांनी टोकाला ठराविक वळणे दिलेली कॅथेटरे प्रसिद्ध केली. जडकिन्स यांच्या नळीचे वळण असे बेतलेले आहे की, ती महारोहिणीच्या पलीकडच्या भिंतीला टेकते आणि तिचे टोक जवळजवळ आपोआप डाव्या रोहिणीच्या तोंडाशी जाऊन बसते. झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी घरच्या स्वयंपाकघरात फुगे बनवून प्रयोग केले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी जाग्या माणसाची हृद्‌रोहिणी पहिल्यांदा फुग्याने रुंद केली. पुढे १९८६ साली फ्रान्समध्ये झाक प्यूएल व स्वित्झर्लंडमध्ये उल्रिख सिग्वार्ट यांनी धातूच्या जाळीची नळकांडी, म्हणजे स्टेंट, बसविली. या शोधांत आपल्या देशाचाही वाटा आहे. ज्युडिथ आणि कोबी रिख्तर यांनी १९९२ साली जेरुसलेम येथे स्थापन केलेल्या मेडिनोल कंपनीचा लवचिक स्टेंट जगभर वापरला गेला.

मुद्दा असा की, ही सर्व वळणे सामान्य रचनेच्या मापाने घडविलेली आहेत. शिंप्याने एकाच अंगाच्या मापाचे सदरे शिवून ठेवावेत तसा हा प्रकार आहे. रोहिणीचे तोंड दुसऱ्या कोनाड्यात असले, किंचित वर असले वा तिरपे असले, की नळीचे टोक तिच्यात बसत नाही, आणि बसले तरी भक्कम टेकत नाही. आधार भक्कम नसेल तर तीतून पुढे ढकललेली तार, फुगा किंवा स्टेंट अडथळ्यापर्यंत पोचण्याऐवजी नळीलाच मागे रेटतो. या तारेची जाडी ०.०१४ इंच, म्हणजे सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे कामाचा नाजूकपणा कळेल. जोर लावावा तर टोकाने रोहिणीचे अस्तर सोलवटण्याची भीती; वेळ लावावा तर रंगद्रव्याचा मूत्रपिंडांवर आणि क्ष-किरणांचा सर्वांवरच भार.

अनुभवी डॉक्टर अशा वेळी काय करतात? पहिली गोष्ट, रोहिणी दिसत नाही म्हणजे ती बंद आहे असा निष्कर्ष ते घाईने काढीत नाहीत. चित्रात हृदयाच्या एखाद्या भागाकडे एकही फाटा जाताना दिसत नसेल, तर त्या भागाची रोहिणी दुसरीकडून येत असली पाहिजे. मुलाचे नाव हजेरीपटात सापडले नाही म्हणून तो शाळेतच नाही असे आम्ही शिक्षक म्हणत नाही, शेजारच्या वर्गात पाहून येतो, तसेच हे आहे. महारोहिणीच्या मुळाशी एकदम अधिक रंगद्रव्य सोडून तोंड कोठे आहे याचा अंदाज घेतात. मग नळी बदलतात. मागचा फाटा उजवीकडून निघत असेल तर उजव्या बाजूची किंवा बहुउद्देशी म्हणतात ती साध्या वळणाची नळी. उजवी रोहिणी डाव्या कोनाड्यातून निघत असेल तर ॲम्प्लात्झ यांच्या रुंद वळणाची अथवा डाव्या बाजूचीच, पण एक माप मोठी नळी. त्यानेही आधार मिळाला नाही तर मुख्य नळीतून दुसरी मऊ व अरुंद नळी थेट रोहिणीत काही अंतर पुढे सरकवितात आणि तिच्यातून स्टेंट नेतात. असे केल्यावर निरुपद्रवी आडवाटेवरील अडथळे बहुधा इतरांच्या अडथळ्यांप्रमाणेच दूर करता येतात. सारा जीव एकाच रोहिणीवर अवलंबून असतो अशा हृदयात मात्र तिच्या तोंडाशी झालेली लहानशी इजादेखील साऱ्या हृदयाचा पुरवठा तोडू शकते, म्हणून तेथे शल्यविशारदाचा सल्ला आधी घेतात.

येथवर रोहिणीची वाट केवळ गैरसोयीची होती. आता जी वाट स्वतःच घातक आहे तिच्याकडे वळू. आणि ज्यांची मुले-नातवंडे खेळात किंवा सैन्यात आहेत अशा वाचकांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा अशी विनंती आहे. कधी कधी डावी रोहिणी उजव्या कोनाड्यातून किंवा उजवी रोहिणी डाव्या कोनाड्यातून निघते आणि महारोहिणी व फुप्फुस-रोहिणी या दोन मोठ्या वाहिन्यांच्या मधून वाट काढते. तिचे तोंड गोल नसून फटीसारखे चपटे असते आणि सुरुवातीचा तुकडा पुष्कळदा महारोहिणीच्या भिंतीच्या आतूनच जातो. मनुष्य स्वस्थ बसला असता तीतून पुरेसे रक्त जाते. तो जोराने धावू लागला की महारोहिणी प्रत्येक ठोक्याला ताणली जाते, भिंतीतला तुकडा चेपतो, आणि ज्या क्षणी हृदयाला सर्वांत अधिक रक्त हवे त्याच क्षणी ते आटते.

अमेरिकन सैन्यातील नव्या भरतीच्या जवानांच्या पंचवीस वर्षांतील आकस्मिक मृत्यूंची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. ज्या ६४ जणांच्या हृदयात शवविच्छेदनानंतर दोष सापडला, त्यांपैकी २१ जणांची डावी रोहिणी उजव्या कोनाड्यातून निघून या दोन वाहिन्यांच्या मधून गेलेली होती. त्याआधी २००० साली अमेरिका व इटलीतील संशोधकांनी अशाच दोषाने मरण पावलेल्या २७ तरुण खेळाडूंची माहिती एकत्र केली होती. सर्वांचे मृत्यू जोराच्या श्रमात किंवा त्यानंतर लगेच झालेले होते. ज्या नऊ जणांचा ई.सी.जी. आधी काढलेला होता त्या सर्वांचा तो निर्दोष होता. ज्या सहा जणांची धावपट्टीवरील परीक्षा झाली होती त्या सहाही जणांची तीही निर्दोष होती. परंतु काही मुलांना पूर्वी धावताना चक्कर येऊन शुद्ध हरपली होती किंवा छातीत दुखले होते. या देशात अठराव्या वर्षी मुले टिरोनूतला जातात. उन्हात उभे राहून चक्कर येणे निराळे आणि ऐन धावण्यात कोसळणे निराळे. दुसऱ्या प्रकारात “पाणी कमी प्यायला असेल” असे म्हणून विषय मिटवू नये, ई.सी.जी. चांगला आला एवढ्यावरही मिटवू नये. हृद्‌रोहिण्या नीट जागेवर आहेत काय, हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारावा. लहान मुलांत प्रतिध्वनीच्या तपासणीत, म्हणजे इकोमध्ये, त्यांची तोंडे पुष्कळदा दिसतात, मोठ्यांत सी.टी. अँजिओग्राफीने सारी वाट उलगडते. एकाच फेरीत दोन काप घेणारे सी.टी. यंत्र १९९२ साली आपल्या हैफामधील एल्सिंट कंपनीने आणले. आजच्या यंत्रांना हृदयाचे संपूर्ण चित्र काही सेकंदांत मिळते. दोन वाहिन्यांच्या मधली वाट ओळखण्यात सी.टी. ही नेहमीच्या त्सिंतूरपेक्षाही सरस आहे, कारण त्सिंतूरमध्ये रोहिणीची सावली दिसते, तिचे शेजारी दिसत नाहीत.

हा दोष कॅथेटरने दूर होतो काय? अमेरिकेत ह्यूस्टन येथे पाओलो अँजेलिनी यांनी रोहिणीच्या आत ध्वनिलहरींचे सूक्ष्म यंत्र नेऊन भिंतीतला तुकडा कसा चेपतो हे प्रत्यक्ष पाहिले आणि उजव्या रोहिणीच्या अशा दोषात निवडक प्रौढ रुग्णांना तेथे स्टेंट बसविले. चेपणारी जागा जाळीने ताणून धरणे ही कल्पना सरळ आहे, आणि अशा रुग्णांपैकी पुष्कळांचा त्रास कमी झाला. तरीही हा सर्वमान्य राजमार्ग झालेला नाही. वाढत्या वयाच्या मुलात स्टेंट बसविला तर मूल वाढते, स्टेंट वाढत नाही. डाव्या रोहिणीच्या घातक वाटेत तर शस्त्रक्रियाच करावी, असे अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१८ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांचे सांगणे आहे. त्रास होत असेल तर ती केलीच पाहिजे आणि त्रास नसला तरी करणे युक्त आहे, असा त्यांचा आशय आहे. शल्यविशारद भिंतीतला तुकडा आतून उघडतो व फटीचे रुंद तोंड करतो. कापाकापी नको, नळीनेच करा, असा हट्ट आपल्याकडे पुष्कळदा नातेवाईक धरतात. भीती स्वाभाविक आहे, पण या एका ठिकाणी मला तो हट्ट अनाठायी वाटतो.

याउलट कॅथेटरने खरी बाजी मारली ती फुटलेल्या पाटाच्या बाबतीत. काही जणांत हृद्‌रोहिणीचा एखादा फाटा स्नायूत न संपता सरळ हृदयाच्या उजव्या कप्प्यात किंवा फुप्फुस-रोहिणीत उघडतो. याला फिश्च्युला म्हणतात. लहान असेल तर काही करावे लागत नाही. मोठा असेल तर रक्त सोपी वाट धरून तिकडेच वाहते, स्नायू उपाशी राहतो, रोहिणी फुगत जाते आणि डॉक्टरांना छातीत सतत घरघर ऐकू येते. पूर्वी यासाठी छाती उघडून फाटा बांधीत. १९८०च्या दशकापासून तो आतूनच बुजविता येऊ लागला. कॅथेटर फाट्याच्या शेवटापर्यंत नेऊन धातूच्या बारीक स्प्रिंगा, ज्यांना कॉइल म्हणतात, तेथे सोडतात. त्यांच्याभोवती रक्त गोठून वाट बंद होते. अधिक रुंद वाटेसाठी विणलेल्या धातूचे बूच वापरतात. हे बूच वर उल्लेखिलेल्या ॲम्प्लात्झ यांच्याच कल्पनेतून निघाले.

तरी हेही काम डोळे झाकून करण्यासारखे नाही. वाट बुजविण्याआधी तेथे काही मिनिटे फुगा फुगवून ठेवतात आणि ई.सी.जी.वर लक्ष ठेवतात. बदल दिसला तर निरोगी स्नायूला रक्त नेणारा फाटाही त्यात सापडला आहे असे समजून जागा बदलतात. वाट रुंद आणि प्रवाह जोराचा असेल तर कॉइल सुटून फुप्फुसात वाहून जाऊ शकते. आणि यशस्वी उपचारानंतरही एक गोष्ट उरते: वर्षानुवर्षे फुगलेली रोहिणी लगेच पूर्ववत होत नाही, तीत रक्त संथ वाहते आणि गुठळी होऊ शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सांगितल्या असतील तितके दिवस घ्याव्याच लागतात. “भोक बुजले, आता गोळ्या कशाला?” हा प्रश्न येथे चुकीचा आहे.

स्नायूपुलाविषयी थोडक्यात. हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणारी रोहिणी कधी कधी काही अंतर स्नायूच्या आतून जाते. हृदय आकुंचन पावते तेव्हा ती दबते. पण हृदयाच्या स्नायूला बहुतेक रक्त ते सैल असताना मिळत असल्यामुळे सहसा बिघडत नाही. ज्यांना त्रास होतो त्यांना ठोक्यांची गती कमी करणारी औषधे देतात. येथे स्टेंटचा मोह टाळतात, कारण प्रत्येक ठोक्याला चेपून जाळी तुटते, पुन्हा अरुंद होते, आणि बसविताना रोहिणीला छेद जाण्याचाही धोका असतो. जिभेखाली ठेवावयाची नायट्रोग्लिसरीनची गोळी या लोकांत कळ वाढवूही शकते. तेव्हा शेजारणीच्या पर्समधली गोळी ‘हृदयाचीच आहे’ म्हणून कोणी तोंडात टाकू नये.

आता एक व्यावहारिक गोष्ट. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांचे काही वर्षांपूर्वी त्सिंतूर झाले. नेहमी अर्ध्या तासात आटोपणारे काम दोन तास चालले. बाहेर बसलेल्या मुलींनी धीर सोडला. अखेर डॉक्टर हसतमुखाने बाहेर आले आणि म्हणाले की, वडिलांची उजवी रोहिणी डाव्या बाजूने निघते, शोधावी लागली, पण स्टेंट नीट बसला. मिख्ताव शिख्रूर घरी आला, वीजबिलांच्या खणात गेला. पुढे मुलाकडे दुसऱ्या गावी राहावयास गेले असता त्यांना पुन्हा कळ आली. तेथील डॉक्टरांना मागचे काहीच ठाऊक नव्हते. शोध पहिल्यापासून सुरू झाला. सुदैवाने निभावले.

या देशात रुग्णालयांचे कागद आता संगणकावर एकमेकांना पुष्कळ प्रमाणात दिसतात हे खरे, पण सारी चित्रे सर्वत्र दिसतीलच असे नाही, आणि परदेशी नातेवाइकांकडे किंवा मुंबईस गेलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. म्हणून ज्यांची रचना निराळी निघाली आहे त्यांनी डॉक्टरांकडून चार ओळी हिब्रूत आणि इंग्रजीत लिहून घ्याव्यात: कोणती रोहिणी कोणत्या कोनाड्यातून निघते, ती दोन मोठ्या वाहिन्यांच्या मधून जाते की मागून, स्टेंट असल्यास कोठे व किती मापाचा, आणि कोणत्या वळणाच्या, कोणत्या मापाच्या कॅथेटरने तोंड सापडले. ही शेवटची ओळ बहुधा कोणी मागत नाही, म्हणून ती मुद्दाम मागावी. चिठ्ठी तेऊदत झेऊतच्या पाकिटात ठेवावी, चित्रांची प्रत मुलांपैकी एकाकडे असावी, आणि १०१वर मागेन दाविद अदोमला बोलावण्याची वेळ आली तर गाडीत चढतानाच ती चिठ्ठी त्यांच्या हाती द्यावी.